तलवारीच्या राणीचे वैधव्य

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात. त्यांपैकी २२ हुकमाची. उरलेली ५६ छड्या, पेले, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांत विभागलेली. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दहापर्यंतची पाने आणि वर चार चित्रे : राजा, राणी, स्वार आणि हुजऱ्या. ही सोळा दरबारी पाने समोर आली की पाने वाचणारा कितीही सराईत असो, थोडा अडखळतोच. वीज पडून ढासळणारा मनोरा दिसला तर काय बोलायचे हे त्याला ठाऊक असते. तीन तलवारींनी भेदलेले काळीज दिसले तर बोलण्याचीही गरज उरत नाही. पण एक बाई सिंहासनावर बसली आहे, एवढेच दिसले तर? ही बाई कोण? प्रश्न विचारणारी व्यक्ती स्वतः, की तिच्या आयुष्यातली दुसरी कुणी. सासू, वरिष्ठ, मैत्रीण? की ही कुणी बाई नसून पृच्छकाच्या स्वभावातला एक गुण आहे? की अजून न घडलेला एखादा प्रसंगच बाईचे रूप घेऊन आला आहे? टॅरोवरच्या पुस्तकांत ही सगळी उत्तरे सापडतात, आणि पुष्कळदा ती एकाच पुस्तकात सापडतात.

जुन्या मंडळींनी यावर एक सोपा उपाय शोधला होता. आर्थर एडवर्ड वेट याने १९०९ साली लंडनच्या रायडर या प्रकाशनसंस्थेसाठी एक कॅट सिद्ध केला. इंग्रजी जाणणाऱ्या जगात आज सर्वांत ओळखीचा कॅट तोच. त्याच्या जोडीच्या पुस्तकात वेटने पृच्छकाचे प्रतिनिधी पान कसे निवडावे ते सांगितले आहे. पिवळसर किंवा तांबूस केस, गोरा वर्ण आणि निळे डोळे असतील तर छड्या. फिकट तपकिरी केस असतील तर पेले. गडद तपकिरी केस आणि निस्तेज वर्ण असेल तर तलवारी. काळे केस, काळे डोळे आणि सावळा वर्ण असेल तर नाणी. चाळिशी ओलांडलेली स्त्री राणी, त्याआतली हुजऱ्या. या हिशेबाने आपल्याकडचे बहुतेक वर्ग, प्राध्यापककक्ष आणि साहित्य संमेलनांचे मांडव नुसत्या नाण्यांनी भरून जातील. मीही नाण्यांचीच राणी ठरेन. मला जे पान आले आणि ज्याविषयी मला लिहायचे आहे ते मात्र तलवारीच्या राणीचे.

माझी या पानांशी ओळख एलियटमुळे झाली, जशी ती इंग्रजी साहित्याच्या पुष्कळ अध्यापकांची होते. 'द वेस्ट लँड' (१९२२) शिकवायला घेतली की पहिल्याच भागात मादाम सोसोस्ट्रिस पाने मांडून बसलेली असते, आणि वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, की ही पाने खरोखर असतात का. काही असतात, काही नसतात. चक्र आहे, टांगलेला पुरुष आहे, तीन छड्यांजवळ उभा असलेला माणूस आहे. बुडालेला फिनिशियन खलाशी नाही आणि बेलाडोनाही नाही. टॅरोच्या कॅटची नेमकी रचना आपल्याला परिचित नाही आणि सोयीनुसार आपण तिच्यापासून दूर गेलो आहोत, असे एलियटने टिपांत स्वतःच सांगून ठेवले आहे. तरीही बेलाडोनाच्या जागी चार राण्यांपैकी एखादी बसवून पाहण्याचा मोह होतो. मला तो झाला, म्हणून मी एक कॅट विकत आणला. भविष्यकथनावर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण प्रत्येक पानाचा अर्थ तीन-चार ओळींत देणारी ती पुस्तके मला शब्दकोशासारखी वाटू लागली. आणि कोशात दिलेला अर्थ तिथे आला कुठून, हे विचारण्याची सवय आमच्या व्यवसायाने लावलेलीच असते.

तर ही राणी आली कुठून? युरोपात पत्ते पोहोचले ते १३७० च्या दशकात, आणि ते इस्लामी जगातून पोहोचले याविषयी अभ्यासकांत आता फारसे दुमत नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक काळातला एक कॅट जपून ठेवलेला आहे. त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. युरोपला पोलो ठाऊक नव्हता, म्हणून त्या काठ्यांच्या पुढे साध्या छड्या झाल्या. या कॅटमधली दरबारी पाने तीन : मलिक, नायब आणि दुसरा नायब. चित्रे नाहीत, नुसते सुलेखन. नायब हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. तहसील कचेरीत तो रोज भेटतो. राणी मात्र या दरबारात नाही. ती आपल्या गंजिफातही नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा गोल पाने, एकूण १२०. आणि दर अवतारामागे चित्रे दोनच, राजा आणि प्रधान. (विसाव्या शतकात ही कला मरणपंथाला लागली होती. तिला सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी, राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभे केले. ज्या खेळात राणीला जागा नाही तो एका राणीने राखावा, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.) पारंपरिक स्पॅनिश पत्त्यांत राणी नाही, जर्मन पत्त्यांतही नाही.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीच्या दरबारांत टॅरो जन्मला तेव्हा मात्र राणी त्यात होती. येल विद्यापीठाच्या संग्रहात असलेल्या व्हिस्कोंती घराण्याच्या कॅटमध्ये तर स्वार आणि हुजऱ्या यांच्याही स्त्री-जोडीदारणी आहेत. म्हणजे प्रत्येक रंगात सहा दरबारी. घोड्यावर बसलेल्या त्या बायका पुढच्या कॅटांतून नाहीशा झाल्या आणि राणी तेवढी उरली. पण तिला अजून 'अर्थ' नव्हता. तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात दाखवून दिले, की पहिली साडेतीनशे वर्षे टॅरो हा प्रामुख्याने एक डाव होता. माणसे तो जिंकण्याहरण्यासाठी खेळत होती. तलवारीच्या राणीची किंमत डावातल्या गुणांपुरती. ती दुःखी आहे की धारदार बुद्धीची आहे, असा प्रश्न खेळणाऱ्याला पडण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न निर्माण झाला पॅरिसमध्ये. १७८१ साली कूर द जेब्लँ या विद्वानाने, टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा गुप्त ग्रंथ आहे, असे ठोकून दिले. त्याला आधार काही नव्हता, पण कल्पना इतकी आकर्षक होती की अजूनही ती अधूनमधून कुठेतरी डोके वर काढते. त्यापाठोपाठ झाँ-बाप्तिस्त आलिएत हा गृहस्थ पुढे आला. आपले आडनाव उलटे लिहून तो 'एतेया' झाला, टॅरोवर पुस्तके लिहू लागला आणि भविष्यासाठीच म्हणून खास कॅट त्याने काढला, ज्याच्या प्रत्येक पानावर अर्थाचा शब्द छापलेला होता. आज आपण 'पानाचा अर्थ' म्हणतो त्या सगळ्या प्रकाराचा उगम मुख्यतः इथे आहे.

एतेयाची ही शब्दांची यादी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यातल्या राजा-राण्यांच्या जोड्यांपाशी माझे बोट थांबले. छड्यांचा राजा म्हणजे खेड्यातला पुरुष, राणी म्हणजे खेड्यातली स्त्री. पेल्यांचा राजा सोनेरी केसांचा पुरुष, राणी सोनेरी केसांची स्त्री. नाण्यांचा राजा काळसर केसांचा पुरुष, राणी तशीच स्त्री. तीन जोड्या अगदी व्याकरणातल्या लिंगरूपांसारख्या चालल्या आहेत. चौथ्या जोडीत तलवारीचा राजा आहे झगा घातलेला पुरुष, म्हणजे न्यायाधीश किंवा वकील. मग त्याच्या राणीपुढे काय असायला हवे? न्यायाधीशाची बायको म्हणा, विदुषी म्हणा, कज्जेदलाल बाई म्हणा. एतेयाने तिथे एकच शब्द छापला आहे : वैधव्य. विधवा असेही नाही, वैधव्य. बाकीच्या तिघी राण्या कुणीतरी स्त्रिया आहेत. ही एकटी भाववाचक नाम आहे. राजाच्या हातात तलवार दिली की त्याला पेशा मिळतो. तीच तलवार राणीच्या हातात दिली की तिचा नवरा मेलेला असतो.

हा अर्थ एतेयाने हवेतून काढला नसावा, असे मला वाटते. साध्या बावन्न पानांत तलवारीच्या जागी इस्पिक येते. इंग्रजीतला 'स्पेड' हा शब्द मुळात इटालियन 'स्पादे', म्हणजे तलवारी, यावरूनच आलेला आहे. इस्पिकच्या राणीविषयीचा आकस युरोपभर दिसतो. पुश्किनच्या 'इस्पिकची राणी' (१८३४) या कथेच्या आरंभीच एका नव्या भविष्यपुस्तकाचा हवाला आहे, आणि त्या हवाल्याप्रमाणे ही राणी छुप्या वैरभावाची खूण आहे. कथेच्या शेवटी हेरमानच्या हातात एक्क्याऐवजी तीच येते आणि तिच्या चेहऱ्यात त्याला मेलेली म्हातारी काउंटेस दिसते. संगणकावर 'हार्ट्स' खेळलेल्यांना आठवेल, की त्या डावात या एका राणीचे तेरा दोष धरले जातात आणि जो तो तिला दुसऱ्याच्या गळ्यात घालायच्या खटपटीत असतो.

पण विधवेचा आणि तलवारीचा संबंध एवढ्या भीतीने पुरता उलगडत नाही. जुन्या फ्रान्समध्ये कुमारिका बापाच्या अखत्यारीत होती आणि विवाहिता नवऱ्याच्या. करार करणे, व्यापार चालवणे, दावा लावणे हे स्वतःच्या नावावर करू शकणारी स्त्री बहुधा विधवाच असे. पॅरिसच्या जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मुद्रक म्हणून 'अमुक याची विधवा' असे छापलेले आढळते, कारण नवऱ्याचा छापखाना ती चालवत असे. शँपेनच्या जगप्रसिद्ध 'व्हव क्लिको' या नावातला पहिला शब्द म्हणजे विधवा. १८०५ साली नवरा वारला तेव्हा ती बाई सत्तावीस वर्षांची होती आणि धंदा तिने हातात घेतला. तेव्हा एतेयाच्या ग्राहकांना 'वैधव्य' हा शब्द ऐकून काळा वेष दिसत असेल तशी सहीची लेखणीही दिसत असणार. त्या समाजात बाईला स्वतःची तलवार मिळण्याचा रस्ता नवऱ्याच्या तिरडीमागून जात होता. एतेया पॅरिसमध्ये आपली पुस्तके लिहीत होता त्या वर्षांत महेश्वरी अहिल्याबाई होळकर राज्य करीत होत्या. खंडेराव १७५४ मध्ये पडले आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार बाईंच्या हाती होता. त्यांची लोकमान्य प्रतिमा आठवून पाहा : पांढरे वस्त्र आणि तळहातावर पिंडी. तलवार आपण त्यांच्या हाती दिली नाही.

फ्रान्समधून हे अर्थ इंग्लंडात आले आणि तिथे एक मजेदार प्रकार घडला. १८८८ साली लंडनमध्ये 'गोल्डन डॉन' नावाची गूढविद्येची मंडळी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक सॅम्युअल मॅथर्स. त्याने त्याच वर्षी सर्वसामान्य वाचकांसाठी टॅरोवर एक लहानशी पुस्तिका काढली आणि तीत तलवारीच्या राणीचा अर्थ एतेयाच्या वळणाने वैधव्य, हानी, वियोग असा दिला. मंडळीच्या सभासदांपुरती जी टिपणे होती त्यांत मात्र ही राणी वेगळीच आहे. तिच्या एका हातात तलवार आहे, दुसऱ्या हातात दाढीवाल्या पुरुषाचे तोडलेले मस्तक; आणि तिचे गुण सांगितले आहेत ते तीव्र निरीक्षणशक्ती, चापल्य, आत्मविश्वास, इतकेच काय, नृत्याची आवड. वैधव्याचा शब्दही नाही. पुढे अ‍ॅलिस्टर क्रोलीच्या कॅटसाठी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात चित्रे रंगवली, तेव्हा तोडलेले मस्तक घेतलेली हीच राणी त्यांनी ढगांवर बसवली. म्हणजे बाजारासाठी विधवा, आणि दाराआड एक बुद्धिमान, नाचरी, शिरच्छेद करणारी बाई. आज स्त्रीवादी वाचन म्हणून सांगितला जाणारा अर्थ पुष्कळ अंशी त्या दाराआडच्या टिपणांतला आहे, हे सांगणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

वेट स्वतः या मंडळीचा सभासद होता, तरी आपल्या पुस्तकात त्याने बाजाराचीच यादी ठेवली : वैधव्य, स्त्रियांचे दुःख, अनुपस्थिती, वांझपण, शोक, वंचना, वियोग. पान उलटे आले तर दुष्टावा, कपट आणि सोवळेपणाचा आव. चित्राचे वर्णन करताना तो म्हणतो, की चेहरा कठोर पण दुःखाने निवलेला आहे. ही दयेची मूर्ती नव्हे. आणि हातात तलवार असूनही तिला सामर्थ्याचे प्रतीक क्वचितच म्हणता येईल. या शेवटच्या शेऱ्याकडे मी परत परत जाते. राजाच्या हातातली तलवार त्याला कायदा आणि अधिकार वाटते. राणीच्या हातातली तीच तलवार त्याला दिसते आणि तो ती लगेच बाद करतो.

चित्र काढले होते पामेला कोलमन स्मिथ हिने, आणि चित्र वेटचे ऐकत नाही. राणी उजवीकडे तोंड करून बसली आहे, बाजूने दिसणारा चेहरा. उजव्या हातातली तलवार सरळ उभी, मूठ आसनाच्या हातावर टेकलेली. ती उगारलेलीही नाही आणि झुकलेलीही नाही. मुकुट फुलपाखरांचा आहे, आसनाच्या दगडातही फुलपाखरे कोरली आहेत. झग्यावर ढग, खाली क्षितिजाशी ढग, आणि वरच्या मोकळ्या आकाशात एकच पक्षी. डावा हात पुढे केलेला, तळवा उघडा, जणू समोर कुणी आले आहे आणि ती त्याला 'बोल' म्हणते आहे. त्या मनगटावर काहीतरी बांधलेले असून त्याचा गोंडा लोंबतो आहे. काही भाष्यकारांना ती तुटलेल्या बंधनाची दोरी वाटते, काहींना नुसता अलंकार. मला, मराठी बाई म्हणून, पहिल्यांदा ते मनगट भरलेले दिसले. ज्या बाईच्या हातात काही आहे तिला आपल्याकडे कुणी विधवा म्हणून ओळखले नसते.

स्मिथविषयी थोडे सांगायला हवे. तिचा जन्म १८७८ चा, लंडनमधला. बालपणाचा काही काळ जमैकात गेला, चित्रकलेचे शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये झाले. हेन्री अर्व्हिंग आणि एलेन टेरी यांच्या लायसियम नाटकमंडळीशी तिचा निकटचा संबंध होता. पानांवरच्या माणसांच्या उभे राहण्या-बसण्यात तो रंगमंच जाणवतो. छायाचित्रकार स्टीग्लिट्झने न्यूयॉर्कच्या आपल्या दालनात १९०७ साली तिची चित्रे मांडली होती. त्यालाच १९०९ मध्ये लिहिलेल्या पत्रात, फार मोठे काम फार थोड्या पैशांत नुकतेच हातावेगळे केले, असे तिने कळवले आहे. ते काम म्हणजे हा कॅट. तिने लग्न केले नाही. १९५१ मध्ये कॉर्नवॉलच्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा मागे कर्ज होते. कॅट अनेक दशके 'रायडर-वेट' या प्रकाशक आणि लेखक यांच्या नावांनीच ओळखला गेला. तिच्यापुरती होती ती पानाच्या कोपऱ्यातली वळणदार नाममुद्रा. वैधव्य या शब्दाचे चित्र काढायला ते एका अविवाहित, स्वतःच्या हातावर पोट असलेल्या बाईकडे आले होते, आणि तिने काढलेल्या बाईच्या अंगावर शोकाचा वेष नाही.

१९७० नंतर टॅरोची पुस्तके मोठ्या प्रमाणावर स्त्रिया लिहू लागल्या आणि यादी बदलली. रेचेल पोलॅक यांच्या १९८० आणि १९८३ साली दोन भागांत निघालेल्या पुस्तकाला या क्षेत्रात आजही मान आहे. त्यांनी दुःख आणि त्यातून आलेले शहाणपण ही दोन्ही या राणीत एकत्र धरली. पुढच्या पुस्तकांतून दुःख हळूहळू गळाले. आता सर्वत्र आढळणारा अर्थ असा : स्पष्ट विचारांची, परखड, स्वावलंबी, भावनेच्या आहारी न जाणारी स्त्री.

माझे पती २०१८ मध्ये गेले. त्यानंतर वर्षभराने एका मैत्रिणीने, ती अनेक वर्षे फ्रेंच शिकवत होती आणि निवृत्तीनंतर हौसेने पाने वाचू लागली होती, तिच्या घरी माझ्यासाठी तीन पाने मांडली. मधले पान उलटले तर ही राणी. बोलण्याआधी ती थांबली. क्षणभरच, पण वर्गात आयुष्य घालवलेल्या माणसाला असे थांबणे ओळखता येते.

"ही तूच," ती म्हणाली. "स्पष्ट विचारांची, कुणावर अवलंबून नसलेली. खंबीर."

"आणि वेट काय म्हणतो?" मी विचारले.

"ते सोड गं. ते सगळं आता कालबाह्य झालंय."

तिच्या मनात माझ्याविषयी माया होती, यात मला शंका नाही. पण 'खंबीर' या शब्दाने मला जे झाले ते 'वैधव्य' या शब्दाने झाले नसते. त्या वर्षभरात तो शब्द मी शेकड्याने ऐकला होता. दारात चपला काढताकाढता लोक म्हणत, तुम्ही मोठ्या खंबीर. जाताना म्हणत, खंबीर राहा. त्यात कौतुक असते तशी एक विनंतीही असते, की आमच्यासमोर रडू नका. एतेयाच्या शब्दात निदान मेलेल्या माणसाला जागा होती. नव्या यादीतली राणी इतकी स्वयंपूर्ण आहे, की तिचे कधी काही गेले होते असे वाटतच नाही. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव चर्चेत आला आणि त्यावर सडकून टीका झाली, तेव्हा मला ही दोन यादींमधली ओढाताण आठवली. लग्नपत्रिकांवरचा 'गं. भा.' आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. नदीचे नाव दिल्याने बाईचे नाव परत येत नाही, आणि 'खंबीर' म्हटल्यानेही नाही.

मग पानाचा अर्थ कोणता धरायचा? इथे मला भविष्यवेत्त्यांपेक्षा इटालो काल्व्हिनोचा आधार अधिक वाटतो. त्याच्या 'द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज' या पुस्तकात वाचा गेलेले प्रवासी एका वाड्यात जमतात आणि टॅरोची पाने टेबलावर ओळीने मांडून आपापली कहाणी सांगतात. इटालियनमध्ये पहिला भाग १९६९ साली आला, दुसऱ्यासह पुस्तक १९७३ मध्ये. तेच पान एकाच्या कहाणीत प्रेयसी असते, दुसऱ्याच्या कहाणीत शत्रू; कारण त्याच्या आधीचे आणि नंतरचे पान बदललेले असते. सोस्यूर शिकवताना आम्ही फळ्यावर जे लिहितो तेच हे, फक्त इथे ते टेबलावर दिसते. दरबारी पानांना तर हा न्याय फारच लागू पडतो. स्मिथने एक्क्यापासून दहापर्यंतच्या पानांतही प्रसंग चितारले, तिच्या आधी बहुतेक कॅटांत तिथे नुसते पेले आणि नाणी मोजायला असत. त्या पानांना स्वतःची गोष्ट आहे. राणीला नाही. ती बसली आहे आणि एका दिशेला पाहते आहे, आणि ती काय पाहते आहे हे शेजारचे पान ठरवते.

त्या दिवशी माझ्या राणीच्या पाठीशी, डावीकडे, पाच पेले होते. काळी शाल पांघरून मान खाली घातलेला माणूस, समोर सांडलेले तीन पेले, आणि मागे उभे असलेले दोन, जे त्याला दिसत नाहीत. मैत्रिणीने ते पान 'भूतकाळ' म्हणून हळुवारपणे ओलांडले. उजवीकडे, राणी जिकडे पाहते आणि हात पुढे करते त्या बाजूला, नाण्यांचा हुजऱ्या आला होता. हिरव्या रानात उभा असलेला एक कोवळा पोरगा. दोन्ही हात उंचावून त्याने बोटांच्या टोकांवर एक नाणे तोलून धरले आहे आणि तो त्याच्याकडे असा टक लावून पाहतो आहे की भोवती दुसरे काही उरलेलेच नाही. वेटच्या यादीत याच्यापुढे अभ्यास आणि विद्याव्यासंग हे शब्द आहेत. त्या पुढे केलेल्या हाताचा आणि त्या पोराचा काही संबंध आहे का, हे मी बराच वेळ बघत राहिले.

"हे म्हणजे नवी संधी," मैत्रीण म्हणाली. "पैशांचंही काहीतरी चांगलं होईल."

"पण हा मुलगा कोण?" मी विचारले.

तिने पुन्हा एकदा पानाकडे पाहिले. "तुझा एखादा विद्यार्थी असेल," ती म्हणाली, आणि पाने गोळा करून पिसायला लागली.